मांजराचं उष्टं पाणी

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारी बाई दारातच उभी असते आणि चेहऱ्यावर खरी काळजी असते. "आपा, बिल्लीने बादली में मुंह डाल दिया. अब उस पानी से वुजू होता क्या?" मी काही आलिमा नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते एवढंच. पण घरात चार किताबं आहेत आणि अरबी थोडीफार वाचता येते, म्हणून शेजारणींना वाटतं हिला विचारावं. मशिदीत इमामसाहेबांना असला प्रश्न विचारायला बायकांना संकोच वाटतो, हेही एक कारण.

जे वाचक मुस्लीम नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वुजू म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुणं, ओल्या हाताने डोकं पुसणं. त्यासाठी पाणी पाक लागतं. नळ रोज येतो त्या गावात हा प्रश्न कुणाला पडणारच नाही. एक बादली ओतली, दुसरी भरली. इचलकरंजीत नळ तीन-चार दिवसांआड येतो, उन्हाळ्यात कधी त्याहूनही उशिरा. ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी पिंप, घागर, कळशी, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचा. नळ पहाटे आला तर पहाटे उठायचं. त्यातली एक बादली मोरीत ओतायची म्हणजे एका माणसाची आंघोळ ओतायची. म्हणून मांजराने तोंड घातलेल्या बादलीचं काय करायचं, हा आमच्याकडे किताबातला प्रश्न राहत नाही, तो संसाराचा प्रश्न होतो.

आणि मांजरं आमच्या गावात कमी नाहीत. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून हे गाव सुतावर जगतं. सुताला खळ लागते, खळीच्या वासाने उंदीर येतात, उंदरांमागे मांजर येतं. मागाच्या शेडमध्ये इतका खडखडाट असतो की नवख्या माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण तिथलं मांजर बिमाच्या आडोशाला गाढ झोपलेलं असतं. कामगार डब्यातला तुकडा त्याला टाकतात. कुणी त्याला पाळलेलं नसतं आणि कुणी हाकलतही नाही. रात्रपाळी सुटली की ते कामगाराच्या मागोमाग गल्लीत येतं आणि जिथे झाकण उघडं दिसेल तिथे पाणी पितं.

खरं तर मांजर आणि पाणी यांचं वैर आहे, असं आपण धरून चालतो. भाषेतही ते वैर पक्कं बसलं आहे. उर्दूत "भीगी बिल्ली बनना" म्हणजे भीतीने गरीब होऊन बसणं. मराठीत "भिजलेल्या मांजरासारखा" म्हणतात तेही त्याच अर्थाने. वर्गात हे वाक्प्रचार शिकवताना मी मुलांना उर्दूतला आणखी एक जुना वाक्प्रचार सांगते, "भीगी बिल्ली बताना", म्हणजे काम टाळायला बहाणा सांगणं. त्यामागची गोष्ट अशी सांगतात. मालकाने अंथरुणात पडलेल्या आळशी नोकराला विचारलं, बाहेर पाऊस पडतोय का बघ. नोकर उठलाच नाही. म्हणाला, पडतोय हुजूर, आत्ताच मांजर आत आलं, हात लावून पाहिलं तर भिजलेलं होतं. मुलं खूप हसतात. मग एखादा हात वर करतो आणि विचारतो, "टीचर, पण मांजर पाण्याला घाबरतं का?"

या प्रश्नाचं उत्तर मी बरंच शोधलं आहे. मांजराच्या केसांचे थर असतात. वरचे केस लांब, खालचे बारीक, मऊ आणि दाट. हा खालचा थर भिजला की लवकर वाळत नाही. अंग जड होतं, गारठा बसतो आणि ज्या चपळाईवर त्याचा जीव अवलंबून असतो ती चपळाई जाते. कुत्र्याने धरलं तर सुटता यायला हवं, आणि भिजलेलं मांजर सुटू शकत नाही. तेव्हा अंगावर पाणी नको म्हणणं हा त्याचा भित्रेपणा नाही, हिशेब आहे.

पण सगळी मांजरं सारखी नाहीत. पूर्व तुर्कस्तानात वान नावाचं मोठं सरोवर आहे, तिथली मांजरं पोहण्यासाठी प्रसिद्ध आहेत. आपल्या देशात सुंदरबनात मासे पकडून खाणारं रानमांजर आहे, पश्चिम बंगालचा तो राज्यप्राणी आहे. त्याचे केस इतके दाट असतात की पाणी कातडीपर्यंत पोचत नाही. आणि वेळ आली तर घरातलं मांजरही पोहतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा नदीकडच्या वस्तीतल्या नातेवाइकांना आणायला आम्ही गेलो होतो. तिथे एक करडी मांजरी गल्लीतल्या पाण्यातून मान वर धरून सरळ रेषेत पोहत आली, जिन्याच्या पायरीवर चढली आणि अंग झाडून चाटत बसली. आम्ही सामान बांधून निघेपर्यंत ती चाटतच होती. कुणाची होती कोण जाणे.

पिण्याच्या बाबतीतही मांजराची रीत वेगळी आहे. २००७ साली जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की जगभरची घरगुती मांजरं मध्यपूर्वेतल्या रानमांजराच्या वंशातली आहेत. म्हणजे मूळ प्रदेश कोरडा, वाळवंटाच्या कडेचा. तिथे पाणी शोधत फिरणं परवडत नाही. म्हणून त्याची मूत्रपिंडं पाणी फार जपून वापरतात, लघवी अतिशय घट्ट करतात, आणि बरंचसं पाणी शिकारीतूनच मिळतं. उंदराच्या शरीराचा साधारण दोनतृतीयांश भाग पाणीच असतो. म्हणून मांजराला तहान लवकर लागत नाही. भांडं भरलेलं दिसलं की कुत्रा जसा तुटून पडतो तसं मांजर पडत नाही. आधी बघतं, कधी पंजा बुडवून पाहतं, मग पितं.

आणि पितं तेही नजाकतीने. २०१० साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी हे वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. त्यांतल्या एकाला आपल्या घरच्या मांजराला पिताना पाहून हा प्रश्न सुचला होता. कुत्रा जीभ मागे वळवून तिचा डाव करतो आणि पाणी उपसतो. मांजर जिभेचं फक्त टोक पाण्याला टेकवतं आणि झटकन वर ओढतं. जिभेमागोमाग पाण्याची एक बारीक धार वर उचलली जाते, ती खाली पडण्याआधी मांजर तोंड मिटतं. सेकंदाला साधारण चार वेळा. दर वेळी तोंडात जातो मिलिलिटरचा जेमतेम दहावा भाग. म्हणजे एक चहाचा चमचा पाणी प्यायला पन्नासेक वेळा जीभ लावावी लागते. पुढच्या वेळी घरचं मांजर पाणी पीत असेल तेव्हा पाहा, मिशासुद्धा फारशा भिजत नाहीत.

मांजराची आंघोळ पण जिभेनेच होते. जिभेवरचे काटे आपल्याला खरखरीत लागतात. २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं की त्या काट्यांच्या टोकाला पोकळ खाच असते. तोंडातली लाळ त्या खाचेत भरते आणि दाट केसांच्या मुळाशी नेऊन सोडली जाते. जागेपणीचा बराच वेळ मांजर यातच घालवतं. पंजा ओला करून तोंडावरून, कानामागून फिरवतं. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही अम्मा म्हणतो, हे पाहून नेहमी म्हणतात, "देखो, वुजू कर रही है."

आता ही सगळी माहिती गमतीची वाटते, पण तहान कमी लागण्याचा एक धोका आहे आणि तो आमच्या डोळ्यांसमोर घडला. सातवीतली एक मुलगी एका सोमवारी वर्गात रडत बसली होती. तिचा बोका शनिवारपासून सारखा मोरीत जाऊन बसत होता, जोर करत होता, ओरडत होता. घरच्यांना वाटलं बद्धकोष्ठ झालं. मधल्या सुटीत तिच्या वडिलांना फोन केला, ते बोक्याला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. लघवी तुंबली होती. डॉक्टरांनी भूल देऊन बारीक नळी घातली. बोका वाचला, आणखी उशीर झाला असता तर वाचला नसता. नराची मूत्रनळी अरुंद असते. लघवी फार घट्ट झाली की तिच्यात खडे धरतात, खडा किंवा चिकट गोळा अडकला की वाट बंद. दीड-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. पाणी पोटात कमी जाणं हे यामागचं एक मोठं कारण. कोरड्या खाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपासच असतं. तेव्हा बोका वारंवार बसतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चार किलोच्या मांजराला दिवसाला खाण्यातलं धरून साधारण दोनशे मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे चहाचे दोन मोठे कप. मुहम्मद पैगंबर (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत असं हदीसमध्ये आलं आहे. मुद्द म्हणजे साधारण पाऊण ते एक लिटर. मांजराची दिवसाची गरज त्याच्या पाव हिश्श्याएवढी. आपण नळ सोडून वुजू करतो तेव्हा किती वाहून जातं, ते एकदा खाली बादली ठेवून मोजून पाहावं. मी वर्गातल्या मुलांना घरी हा प्रयोग करायला लावते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. या बाबतीत मदीनेतल्या एका घरातला प्रसंग हदीसच्या अनेक संग्रहांत आला आहे. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आहे, अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्याकडेही आहे. हजरत अबू कतादा हे पैगंबरांचे सोबती. त्यांची सून कब्शा त्यांच्या वुजूसाठी पाणी ओतत होती. एक मांजर आलं आणि पाण्याकडे तोंड नेऊ लागलं. अबू कतादांनी त्याला हाकललं नाही. उलट त्याला नीट पिता यावं म्हणून भांडं तिरकं करून धरलं. सून टक लावून बघत राहिली. त्यांनी विचारलं, नवल वाटलं का? ती म्हणाली, हो. तेव्हा त्यांनी पैगंबरांचं म्हणणं सांगितलं: मांजर नापाक नाही, ते तुमच्यात सतत ये-जा करणाऱ्यांपैकी आहे.

मला यातलं कारण फार महत्त्वाचं वाटतं. मांजराची लाळ कशी असते याची चर्चा तिथे नाही. ते घरात फिरतं, त्याला अडवता येत नाही, ते घरचंच आहे, हे कारण आहे. फिरणाऱ्यांसाठी जो अरबी शब्द वापरला आहे तो काब्याभोवतीच्या तवाफ या शब्दाच्याच धातूतला. घरात सारखी ये-जा करणारी लहान मुलं आणि नोकरमाणसं यांच्यासाठी कुरआनात याच धातूतला शब्द आला आहे. म्हणजे मांजराला त्या माणसांच्या रांगेत बसवलं आहे.

दुसरा प्रसंग हजरत आयशांचा. कुणी तरी त्यांच्याकडे हरीसा पाठवला. हरीसा म्हणजे गहू आणि मांस एकत्र शिजवलेलं, आपल्या खिचड्याचा चुलतभाऊ. त्या नमाज पढत होत्या, खुणेने सांगितलं ठेव म्हणून. तेवढ्यात मांजर आलं आणि त्यातलं खाऊ लागलं. नमाज संपवून हजरत आयशांनी मांजराने जिथून खाल्लं होतं तिथूनच खाल्लं. आणि सांगितलं की मांजराच्या उष्ट्या पाण्याने पैगंबरांना वुजू करताना मी पाहिलं आहे.

पैगंबरांची मुअज्जा नावाची मांजर होती, ती झोपली होती म्हणून त्यांनी बाही कापली, ही गोष्ट उन्हाळा असो की पावसाळा, मोबाइलवर फिरत असते. हदीसच्या मान्य संग्रहांत ती सापडत नाही. तिची गरजही नाही. सुनेसमोर भांडं तिरकं धरणारे अबू कतादा पुरेसे आहेत.

पुढे फिकहच्या इमामांनी यावर बारकाईने विचार केला. कोकणातले मुस्लीम बहुतेक शाफई. त्यांच्याकडे मांजराचं उष्टं पाणी सरळ पाक. आम्ही घाटावरचे बहुतेक हनफी. इमाम अबू हनीफांच्या मते ते पाक आहे, पण दुसरं पाणी असेल तर ते न वापरणं बरं. दुसरं नसेल तर खुशाल वापरावं. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ म्हणतात, न वापरण्याचंही कारण नाही. रत्नागिरीत दिलेली माझी चुलतनणंद माहेरी येते तेव्हा या फरकावरून आमच्या घरात मजेदार वाद होतो. ती बादलीतून तांब्या बुडवून वुजू करून मोकळी होते आणि अम्मा दुसऱ्या बादलीकडे बघत राहतात.

अम्मांकडे त्यांच्या लग्नात मिळालेली बहिश्ती जेवरची प्रत आहे. मौलाना अशरफ अली थानवी यांचं हे पुस्तक आपल्याकडे किती तरी मुलींच्या रुखसतीत दिलं गेलं. त्यातली बायकांबद्दलची सगळी मतं मला पटतात असं नाही, आणि ते मी अम्मांना सांगितलेलं आहे. पण घरगुती अडचणींवर त्यात जे आहे ते फार व्यवहारी आहे. गेल्या वैशाखात अशीच एक बादली उघडी राहिली. नळ यायला दोन दिवस होते. अम्मांना बारीक अक्षर आता दिसत नाही, त्यांनी मला उष्ट्याचं प्रकरण वाचून दाखवायला सांगितलं.

मांजराबद्दल त्यात हनफी मत आहेच. शिवाय दोन गोष्टी अशा आहेत की वाचताना मला लिहिणाऱ्याचं घर दिसलं. मांजराने उंदीर खाल्ला आणि लगेच भांड्यात तोंड घातलं तर पाणी नापाक. पण थोडा वेळ थांबून, जिभेने आपलं तोंड चाटून साफ करून मग घातलं तर नापाक नाही. कॅमेरा नव्हता तेव्हाही मांजराची जीभ काय करते हे लोकांनी नीट पाहिलं होतं. दुसरी गोष्ट, मांजराने दुधात किंवा सालनात तोंड घातलं आणि घरात अल्लाहचं दिलेलं भरपूर असेल तर ते खाऊ नये, पण माणूस गरीब असेल तर त्याने खावं, त्याला काही हरकत नाही. ज्याच्याकडे एकच पातेलं आहे त्याला ते फेकून द्यायला लावायचं नाही, हा विचार त्यामागे आहे. अम्मांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "तो फिर हम गरीब ही हैं, नल परसों आता." आणि उठून त्याच बादलीतून वुजू केला.

पण त्या प्रकरणाची सुरुवात मांजरापासून होत नाही. सुरुवात माणसापासून होते. माणसाचं उष्टं पाक आहे. तो कुठल्याही धर्माचा असो, बाई पाळीत असो, बाळंतीण असो, आंघोळ करायची राहिलेली असो, कसंही असो, पाक. हे बहिश्ती जेवरमध्ये आहे आणि हनफी फिकहच्या जुन्या किताबांतही आहे. मांजराच्या बाबतीत इमामांत मतभेद झाला. आपल्या हनफी किताबांत माणसाच्या बाबतीत पहिल्याच ओळीत निकाल दिला आहे. मी वाचत होते, माझी आठवीतली मुलगी शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "अम्मी, मग त्या गटारवाल्या काकांना वेगळा ग्लास का?"

तिने काय पाहिलं होतं ते मला माहीत होतं. आमच्या गल्लीतली गटार उपसायला जो माणूस येतो, तो चार घरं टाकून एका घरासमोर पाणी मागत होता. बाईने पाणी दिलं, थंड माठातलं दिलं, मन वाईट नव्हतं. पण पायरीच्या कोनाड्यात त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला प्लास्टिकचा ग्लास होता, त्यात वरून ओतलं. त्याने प्यायलं आणि स्वतःच धुऊन कोनाड्यात ठेवलं. त्याच घराच्या दारातल्या उघड्या पिंपाच्या काठावर त्या वेळी मांजर बसलेलं होतं. ते घर मुस्लीम, पाच वेळ नमाजी. असे कोनाडे आमच्या गल्लीत एकच नाही.

आपण मुस्लीम लोक फार सहज म्हणतो की आमच्याकडे शिवाशिव नाही. किताबात नाही, हे खरं. पण आपण या मातीत राहिलो आणि या मातीतलं बरंच काही आपल्या कोनाड्यांत आलं. महाडच्या चवदार तळ्याचं उदाहरण शाळेच्या पुस्तकात असतं. त्या तळ्यावर जनावरं पाणी पीत, मुसलमान भरत, ख्रिस्ती भरत. अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना मात्र मनाई. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, तरी कुणाची हिंमत झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तिथे गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा काहींना महाडच्या मुस्लीम घरांनी आसरा दिला. आणि त्या तळ्याचं "शुद्धीकरण" करायला दही, दूध, शेण, गोमूत्राच्या एकशे आठ घागरी ओतल्या गेल्या. मांजर प्यायलं तेव्हा एकही घागर ओतावी लागली नव्हती.

मुलांना हा धडा शिकवताना मी आसरा देणाऱ्या घरांचा उल्लेख अभिमानाने करते. त्याच वेळी आपल्या कोनाड्यातल्या ग्लासाचाही करायला हवा, हे मुलीच्या प्रश्नाने ठरवलं. दुसऱ्या आठवड्यात मी बहिश्ती जेवरचं तेच पान त्या घरी घेऊन गेले. "तुम्ही मांजराचं विचारलं होतं ना, सगळंच वाचून दाखवते," म्हटलं. पहिल्या ओळीपासून वाचलं. त्या बाईंनी ऐकलं, चहा दिला, दुसरा विषय काढला. ग्लास अजून तिथेच आहे. मी पुन्हा जाणार आहे.

पाणी खरोखर कशाने खराब होतं हे आमच्या गावाला सांगायची गरज नाही. प्रयाग चिखलीला नद्यांचा संगम होऊन पंचगंगा वाहू लागते, कोल्हापूर ओलांडून आमच्याकडे येते आणि पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. वाटेत तिच्यात शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मिसळतं, त्यात आमच्या कापडाचा रंगही असतो. २०१२ च्या उन्हाळ्यात गावात काविळीची साथ आली. हजारो माणसं आजारी पडली, अनेक गेली, गरोदर बायकांची भीती तर वेगळीच होती. पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्याने ही कावीळ पसरते. त्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतल्या मुलांचे पिवळे डोळे मी पाहिले आहेत. ते पाणी कुठल्या मांजराने उष्टं केलेलं नव्हतं आणि कुठल्या गटारवाल्याच्या ग्लासानेही नाही. आता २०२२ पासून गावात महानगरपालिका आहे, पाणी कुठल्या नदीतून आणायचं याचा वाद चालूच आहे. तो सुटेपर्यंत पाणी उकळून, गाळून प्यावं आणि भांडी झाकून ठेवावीत. रात्री भांडी झाका, हेही हदीसमध्ये आहेच.

झाकायची, पण मग मांजराने प्यायचं कुठे? हदीसमध्ये एका बाईचा उल्लेख आहे. तिने मांजर कोंडून ठेवलं, खायला-प्यायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला सोडलंही नाही. ते मेलं आणि ती बाई जहन्नममध्ये गेली. दुसऱ्या बाजूला तो वाटसरू, जो विहिरीत उतरून आपल्या चामडी मोज्यात पाणी भरून आणतो आणि तहानेल्या कुत्र्याला पाजतो, त्याचे गुन्हे माफ होतात. सोबत्यांनी विचारलं, जनावरांच्या बाबतीतही सवाब आहे का? तेव्हा उत्तरात जिवंत प्राण्यासाठी जो अरबी शब्द आला त्याचा शब्दशः अर्थ होतो, ओलं काळीज. ज्याच्या काळजात ओल आहे त्या प्रत्येकाला पाणी देण्यात सवाब आहे. मांजराचं काळीज ओलं आहे, गटार उपसणाऱ्याचंही.

म्हणून या उन्हाळ्यासाठी काही साध्या गोष्टी. पिंपाला, बादलीला झाकण हवं, म्हणजे वुजूचा प्रश्नच येणार नाही. मांजरासाठी मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवावं, खाण्याच्या ताटलीपासून थोडं लांब. नळ चार दिवसांआड येत असला तरी त्यातलं पाणी रोज बदलावं. उरलेलं कुंडीत ओतावं, वाया जात नाही. काही मांजरांना वाहतं पाणी आवडतं, ती टपकणाऱ्या तोटीखाली बसतात, त्यांना थोडं बसू द्यावं. कोरडं खाणं देत असाल तर त्यात पाणी मिसळावं, भाताची पेज किंवा मासळी उकडलेलं बिनमिठाचं पाणी द्यावं. आंघोळ घालायच्या भानगडीत पडू नये, ती त्याची तो करून घेतो. आणि दारात कुणी पाणी मागितलं, तर घरातल्या माणसाला देतो त्याच तांब्यातून द्यावं.